जगदाळे बाईंचा हात

आमच्या कॉलेजची नवी इमारत झाली तेव्हा खालच्या मजल्यावर, लिफ्टच्या शेजारी, संस्थेचा इतिहास काचेत घालून लावला. मी जुन्या मशिनरीचा व्यापारी. उद्घाटनाचं आमंत्रण मला नव्हतं. तरी गेलो आणि तो इतिहास उभ्याने पूर्ण वाचला. चाकणच्या ओसाड माळावर संस्थेचे अध्यक्ष तात्यांनी ज्ञानाचं रोप कसं लावलं, कामगारांच्या पोरांसाठी दारं कशी उघडली, असं सगळं सोनेरी अक्षरांत होतं. कॉलेज ज्यांनी काढलं त्या जगदाळे बाईंचं नाव एकदाही नव्हतं.

माझं बाईंशी पटत नाही. माझ्या घरातला पोरगा त्यांनी तुरुंगात घातला आणि ते मी विसरलेलो नाही. पण रंग मारून जुनं मशीन नवं म्हणून विकणाऱ्याला मी बाजारात चारचौघांत शिव्या दिलेल्या आहेत. हा इतिहास त्याच जातीचा माल आहे. म्हणून लिहितो.

बाई पहिल्यांदा आल्या त्या माझ्या भोसरीच्या गोडाऊनमध्ये. बुटक्या, रुंद हाडाच्या, रंगाने काळ्या. सुती साडी आणि तिच्याखाली कंपनीतले पुरुषी सेफ्टी शूज. खांद्याच्या पिशवीतून स्टीलची फूटपट्टी बाहेर डोकावत होती. त्यांना लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, पाहिजे होतं. मी भाव सांगितला. त्यांनी त्याच्या निम्म्याहून खालचा सांगितला. मी म्हणालो, "बाई, हे भाजी मार्केट नाही."

"भाजीवाला तरी बरा, शेठ. सडकं खाली लपवतो. तुमी वरच ठेवलंय," असं म्हणून त्या त्याच लेथवर बसल्या, डबा उघडला आणि जेवायला लागल्या.

मी ओरडलो. त्या माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडल्या. गोडाऊनमधली माणसं कामं सोडून बघायला लागली. माझा एक हमाल पाठीमागून काहीतरी घाणेरडं बोलला. बाईंनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले, उठून त्याच्यापर्यंत चालत गेल्या आणि त्याच्या कानाखाली अशी दिली की तो पत्र्याच्या ढिगावर जाऊन पडला. मग परत येऊन लेथवर बसल्या आणि म्हणाल्या, "हं. भाव बोला."

भाव त्यांचाच झाला. वर टेम्पो माझा गेला, आणि बसवून द्यायला माणूसही माझाच. धंद्यात आल्यापासून मी इतका कधी लुटलो गेलो नव्हतो.

थेरगावात डांगे चौकाच्या मागे भाड्याचा एक पत्र्याचा गाळा, हे त्यांचं कॉलेज. बाहेर पाटीसुद्धा नव्हती. दहावी नापास, आयटीआय अर्धवट सोडलेली, कंपन्यांत ठेक्यावर राबणारी पोरं पहिली शिफ्ट सुटली की युनिफॉर्मवरच तिथे यायची. बीड, लातूर, नांदेडकडची जास्त. बाई स्वतः बीडकडच्या. आईबाप ऊसतोडीला जायचे. ही पाचटाच्या कोपीत, रॉकेलच्या चिमणीच्या उजेडात शिकली आणि डिप्लोमा झाली. पुढे भोसरीतल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये नवऱ्याची चार बोटं पॉवर प्रेसखाली गेली. मालकाने चहा पाजून रिक्षात बसवून दिलं. नवरा त्यानंतर दारूत गेला. बाईंनी नोकरी सोडली आणि गाळा घेतला.

प्रवेशाला त्या मार्क बघत नसत. "हात दाखव," म्हणायच्या. पोरगा दोन्ही पंजे पुढे करायचा. "दहा हायेत. जाताना दहाच पाहिजेत." झाला प्रवेश. आणि चालू मशीनजवळ कोणाची बाही लोंबली, मनगटात कडं दिसलं, की स्टीलची फूटपट्टी मनगटावर बसायची. वळ आठवडाभर राहायचा.

एकदा एका पोराचा बाप भांडायला आला. "माझ्या पोराला मारायचा तुमाला काय अधिकार?"

बाई म्हणाल्या, "हात दाखवा."

बाप गोंधळला. त्याने उजवा हात पुढे केला. अंगठा नव्हता. कुठल्याशा कटरवर गेलेला.

"तुमाला कोणी मारलं नव्हतं ना वेळेवर?" बाईंनी विचारलं.

त्या माणसाने वळून पोराच्याच थोबाडीत मारली आणि निघून गेला. हा प्रकार मी डोळ्यांनी बघितला आहे. मी तेव्हा दुसरं मशीन पोहोचवायला गेलो होतो आणि पुन्हा लुटलो गेलो होतो.

कंपन्या चाकणकडे सरकल्या तशा बाईही सरकल्या. खेटे घालून, अधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर डबा उघडून बसून बसून, त्यांनी सरकारी गायरानातला एक तुकडा कॉलेजसाठी मिळवला. शेड उभी राहिली. आणि एका सकाळी तात्या जेसीबी घेऊन आले.

तात्या म्हणजे आज काचेत ज्यांचा फोटो आहे तेच. गावचं जुनं घराणं, मागे काठ्या घेतलेली पोरं, हातात अंगठ्या. त्यांचं म्हणणं, गायरान गावाचं, वहिवाट आमची, आणि बाहेरच्यांच्या पोरांना इथे शिकवायचं नाही. मी ड्रिलिंग मशीन उतरवून घेत होतो. बाईंनी पहिलं काय केलं असेल तर शेडला बाहेरून कडी घातली. आत पोरं दारावर धडका देत होती, "बाई, उघडा! बाई, आमी बघतो त्यांच्याकडं!"

"गप बसा! मारामारीत हात मोडून घ्यायचेत का?" बाई दाराकडे बघून ओरडल्या. मग भंगार नटबोल्टची बादली उचलून एकट्या पुढे गेल्या आणि जेसीबीवर फेकायला लागल्या. पहिल्या मुठीत काच फुटली. ड्रायव्हर उडी मारून पळाला. पुढचा एक नट तात्यांच्या कपाळावर बसला. रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं.

"ए बाई! येडी हाय का तू?"

"व्हय, हाय. या की पुढं."

काठीवाली पोरं तात्यांकडे बघत होती. तात्यांनी उपरण्याने रक्त पुसलं, बाईंच्या हातातल्या बादलीकडे बघितलं आणि हसले. "पोरांनो, चला रं. हिच्यात लई भंगार हाय आजून."

त्याच वर्षी तात्यांचा भाचा दहावीला आपटला. तात्या कपाळावर टाक्यांची खूण घेऊन प्रवेशाला आले. बाईंनी भाच्याचे हात बघितले आणि घेतला. पुढे मान्यता, विद्यापीठ, मंत्रालय अशी कामं निघाली. त्यांना तात्यांसारखा माणूस लागतो. तात्या सदस्य झाले, मग अध्यक्ष झाले. शेडची दुमजली इमारत झाली. मुली आल्या, संध्याकाळची बॅच निघाली, कंपन्या आपणहून पोरं मागायला येऊ लागल्या. इतिहासात लिहिलंय, "तात्यांनी जागा उपलब्ध करून दिली." ती कशी दिली ते वर सांगितलं.

आता ओंकारचं.

ओंकार माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ लवकर गेला, पोरगा माझ्याच घरात वाढला. बारावीत घसरला तेव्हा मीच त्याला कॉलरला धरून बाईंकडे नेलं. बाईंनी हात बघितले आणि म्हणाल्या, "चांगले हायेत." त्याच्यासारखा हात त्या कॉलेजात दुसऱ्याचा नव्हता. लेथवर तो जॉब, म्हणजे कातायचा लोखंडी तुकडा, लावायचा तेव्हा बाकीची पोरं गोळा व्हायची. बाईंनी सगळ्यांत जास्त मार त्यालाच दिला. मी खूश होतो.

पण आमच्या पट्ट्यात कंपनीचा भंगाराचा ठेका ज्याची भीती जास्त त्याला मिळतो. मी त्याच धंद्यातून वर आलो. मला कोणी शिकवू नये. ठेक्यासाठी फिरणाऱ्या पोरांच्या दोन टोळ्या होत्या. ओंकार त्यातल्या एकीत उठबस करायला लागला. मला कळलं तेव्हा मी त्याला पट्ट्याने मारलं. तो घरी यायचा कमी झाला.

खंडेनवमीला कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मोठी पूजा असायची. त्या दिवशी मशीनला कोणी हात लावायचा नाही. सगळी बंद, धुऊन पुसून, झेंडूच्या माळा घातलेली. समोर सतरंजीवर हत्यारं मांडायची: पाने, हातोड्या, व्हर्नियर, ड्रिल. पोरं घरची अवजारंही आणायची, कोणाच्या गवंडी बापाची करणी, कोणाच्या आईची शिलाईची कात्री. बाई एकेकाला हळदकुंकू लावत पुढे जायच्या. त्या वर्षी ओंकारने चार कोयते आणून मांडले. नवे, चकचकीत.

दुसरा कोणी प्राचार्य असता तर तिथेच किंचाळला असता. पिंपरी-चिंचवडात पोराच्या हातात कोयता म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बाई बीडच्या. त्यांच्या आईचा कोयता त्यांच्या घरात भिंतीला होता. दर दसऱ्याला त्या त्याच्या पाया पडायच्या. कोयता दिसला की त्यांना ऊस दिसायचा, फडातलं पाचट दिसायचं, आई दिसायची. त्यांनी विचारलं, "कोणासाठी रे?"

ओंकार म्हणाला, "मित्राकडं ऊस हाय बाई, खेडच्या बाजूला."

बाई खाली वाकल्या. एक कोयता उचलून धार अंगठ्याने बघितली, मूठ फिरवून बघितली. "चांगलं पाजळलंस," म्हणाल्या. आणि चारही कोयत्यांना कुंकू लावलं. मी तिथे होतो. मी काही बोललो नाही. कॉलेज त्यांचं, पूजा त्यांची.

दिवाळीच्या आधी एका कंपनीच्या गेटबाहेर दोन्ही टोळ्या भिडल्या. भर दुपारी, शिफ्ट सुटताना. ज्यांचं भांडण होतं ते पळाले. सापडला एक नांदेडचा पोरगा. ठेक्यावर काम करणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. तोंडावर वार आला म्हणून त्याने हात वर केला. चार बोटं रस्त्यावर पडली. एका चहावाल्याने ती बर्फात घालून दवाखान्यात नेली, पण जुळली नाहीत.

तो पोरगा कॉलेजच्या दुपारच्या बॅचचा होता.

बाई दवाखान्यात गेल्या. बँडेज सोडलेलं असताना आत गेल्या आणि बघून आल्या. तिथून पोलीस चौकीत गेल्या. पोलिसांना झाडीत एक कोयता सापडला होता. त्याच्या लोखंडी मुठीवर हात सटकू नये म्हणून तिरप्या रेघांची खरखर काढलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी, कुठेही न तुटलेली. बाई म्हणाल्या, "हे आमच्या लेथवर केलंय. ओंकारनं केलंय. पहिल्या वर्षाला मी हेच शिकवते." सही करून घरी गेल्या. मला एक फोन केला नाही.

ही माझी तक्रार आहे आणि ती मी मरेपर्यंत करणार. ओंकार त्या दिवशी गेटवर नव्हता. त्याने कोणावर हात उचलला नाही. ज्या बाईने साध्या बाहीसाठी पोरांची मनगटं फोडली, तिला या पोराला माझ्यासमोर उभं करून झोडता आलं नसतं?

टोळीचं कलम लागलं. जामीन झाला नाही. साक्षीची तारीख जवळ आली तेव्हा मी रविवारी सकाळी थेरगावला बाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा केला.

मी म्हणालो, "बाई, दोन कानाखाली द्यायच्या होत्या. तुमचा हात कधी कमी पडला का?"

"ज्याचं बोट मशीनजवळ जातंय त्याला मी मारते, शेठ. त्याचं बोट वाचतं. ह्याला मारून कोणाचं वाचणार होतं?"

"पोरगं आहे ते."

"बोटं गेली तेही पोरगंच हाय."

मी सौदा मांडला. आकुर्डीत एक कंपनी बंद पडली होती, तिचं कॉम्प्युटरवर चालणारं मशीन माझ्या हातात होतं. तसं मशीन त्यांच्या कॉलेजने स्वप्नातही बघितलं नव्हतं. म्हणालो, "उद्या उतरवून देतो. तुम्ही कोर्टात फक्त मूठ ओळखू नका. अशी खरखर शंभर ठिकाणी काढतात म्हणा. खोटंसुद्धा नाही ते."

बाईंनी मशीनबद्दल दोन प्रश्न विचारले. त्यांचे डोळे चमकले, ते मी बघितलं. मला वाटलं, जमलं.

मग त्या म्हणाल्या, "न्हाई."

"बाई, कुंकू तुम्ही लावलंय त्या कोयत्याला. वकील ते काढणार. पेपरात येणार. तात्या तुम्हाला ठेवतील?"

"न्हाई ठेवणार."

"मग?"

"मग जाईन. कॉलेज काय माझ्या अंगावर उभं हाय का?"

माझं डोकं फिरलं. मी टीपॉय लाथाडला. कप-बश्या भिंतीवर जाऊन फुटल्या, चहा त्यांच्या साडीवर उडाला. त्या जागच्या हलल्या नाहीत. "काच उचलून जा, शेठ," म्हणाल्या. मी तसाच निघून आलो.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या गेटबाहेर मोटारसायकलवरून दोघं आले आणि मागच्याने लोखंडी रॉड बाईंच्या उजव्या हातावर घातला. कोपराच्या वर हाडाचे दोन तुकडे. पोरं धावली तोवर ते पळाले होते. माझ्यावर संशय घेतला गेला. पोलिसांनी मला दिवसभर बसवून ठेवलं. सोडलं ते बाईंच्या जबाबामुळे. त्यांनी सांगितलं होतं, "काळूरामशेठ तोंडावर येऊन टीपॉय मोडतात. पाठीमागून मारायला माणूस पाठवणारे न्हाईत."

राजगुरुनगरच्या कोर्टात त्या प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून उभ्या राहिल्या. कोयता समोर ठेवला. त्यांनी मूठ ओळखली. आमचा वकील उठला.

"या हत्याराची पूजा तुम्ही केली होती?"

"केली. मला ते अवजार वाटलं."

"पाठ थोपटली मुलाची?"

"चांगलं पाजळलंस, म्हणले."

"म्हणजे आपण करतोय ते बाईंना चालतं, असं त्याला वाटलं असेल?"

सरकारी वकील उठायला लागला. बाईंनी डाव्या हाताने त्याला बसायची खूण केली, कोर्टात, वर्गात करावी तशी. "वाटलं असंल. मी धार बघितली आन् पुढं विचारलं न्हाई. तेवढं माझ्याकडं लागतं. लिहून घ्या."

मी बाकावर बसून दातओठ खात होतो. बाई ओंकारकडे बघत होत्या. तो मान खाली घालून उभा होता.

शिक्षा झाली. वकील म्हणाला, बाईंच्या त्या उत्तरामुळे कमी झाली. पेपरात मात्र मथळा आला की प्राचार्यांनीच कोयत्यांची पूजा केली. तात्यांनी बैठक बोलावली आणि संस्थेची बदनामी या दोन शब्दांवर राजीनामा घेतला. जिच्या नटाची खूण त्यांच्या कपाळावर होती तिचा. बाईंनी डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली, सेफ्टी शूज पिशवीत घातले आणि निघून गेल्या. पोरं गेटपर्यंत आली. "क्लास चालू हाय ना? मग इथं कामून उभे राहिलात?" एवढंच त्या बोलल्या, असं मला नंतर शिपायाने सांगितलं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते येरवड्याला, जेलच्या बाहेर, भेटीच्या खिडकीपाशी.

ऊन तापलेलं होतं. रांगेत माझ्यापुढे बायाबापड्या, आणि अगदी पुढे बाई. उजवा हात कोपरातून नीट सरळ होत नव्हता. खिडकीतल्या हवालदाराने विचारलं, "कैद्याशी नातं काय?"

"नातं न्हाई. मी त्याच्याविरुद्ध साक्ष दिली."

हवालदाराने मान वर केली. "मग कशाला आलात?"

"बघायला."

"इथं काय जत्रा आहे? नातेवाइकालाच सोडतात. बाजूला व्हा."

त्या बाजूला झाल्या आणि भिंतीच्या कडेला जाऊन बसल्या. माझा नंबर आला, मी आत गेलो.

जाळीपलीकडे ओंकार बारीक झालेला. घरचं बोलून झालं. मी म्हणालो, "तुझी ती बाई बाहेर उन्हात बसली आहे. सोडलं नाही तिला."

त्याने जाळी धरली. मग म्हणाला, "काका, त्यांना रॉड मारायला मी सांगितलं न्हवतं. मला आत असतानाच मागनं कळलं. तेवढं त्यांना सांगा."

बाहेर येऊन मी बाईंसमोर उभा राहिलो. सांगावं की नाही, याचा हिशेब मनात चालू होता. पण पोराचा निरोप होता. मी सांगितला.

बाई भिंतीला डावा हात लावून उठल्या, रांग तोडून थेट खिडकीशी गेल्या आणि म्हणाल्या, "लिहा. मावशी."

"मघाशी तर म्हणालात नातं नाही!"

"आता मावशी म्हणायलेय ना? लिहा."

कोर्टात एक शब्द इकडचा तिकडे न करणारी बाई. हवालदाराने वैतागून माझ्याकडे बघितलं. मी मघाशीच पोराचा काका म्हणून आत जाऊन आलो होतो. "काय हो, खरं आहे का हे?"

मागची रांग ओरडत होती. बाई माझ्याकडे वळल्याही नाहीत.

"मावशीच आहे," मी म्हणालो. "सख्खी."

हवालदाराने लिहिलं. बाईंनी पदर खोचला, वाकडा हात पोटाशी धरला आणि लोखंडी दारातून आत गेल्या.